उजवा नको, तो कामाचा आहे

“सिस्टर, उजवा नको. तो कामाचा आहे.” शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने डावा हात पुढे केला आणि बाही वर सारली. नर्सने दंडाला पट्टा आवळला, कोपराच्या खळगीत टिचक्या मारल्या, मनगटापर्यंत बोट फिरवत आली. आधीच्या डोसांनी त्या हातावरच्या शिरा काळवंडून ताठ झाल्या होत्या. उजव्या हातावर मात्र चांगली फुगीर शीर लांबूनही दिसत होती. “अहो दादा, औषध लाल आहे. शिरेबाहेर गेलं तर मांस जाळतं. चांगली शीर असताना धोका कशाला घ्यायचा?” तिचं बरोबरच होतं. डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध देताना नर्सा शिरेसाठी जो हट्ट करतात तो उगाच नसतो. पण दादा काही हटेना. “दुखला तर डावा दुखू दे. सोमवारी रोलर धरायचाय.” मग गरम पाण्याची पिशवी आली, हात खाली लोंबकळत ठेवून झाला, मूठ उघडझाप करून झाली, आणि बऱ्याच खटपटीनंतर एकदाची डाव्या हातातच सुई बसली. त्याच्या नखांच्या मुळाशी पांढरा रंग अडकलेला होता. घासूनही निघत नाही तसला, जुना.

मी ताईच्या पायाशी बसले होते. तिनेही डावाच हात दिला होता. उजव्याने मोबाइल बघता यावा म्हणून.

त्या दिवशी घरी आल्यावर ताईची उलटी, औषधांच्या वेळा, फोन, या सगळ्यात तो प्रसंग मागे पडायला हवा होता, पण पडला नाही. दोघांची गाठ, दोघांची खुर्ची, दोघांचा डावा हात. तरी त्या दोन हातांमागची गणितं इतकी वेगळी होती की त्यांना एकाच आजाराचे पेशंट म्हणणं मला खटकायला लागलं. पुढे ताईबरोबर त्या डे-केअरमध्ये जात राहिले तसा माझा कान त्या एकाच गोष्टीकडे लागायला लागला. लोक काय खातात, कोणाचे केस गेले, हे बोलणं वरवरचं असतं. आतलं बोलणं कामाचं असतं. डोस शनिवारी मिळेल का. मुकादमाला काय सांगितलंस. तुझ्या जागी कोण जातंय. किती खाडे झाले.

ताईची फाइल माझ्याकडे असायची आणि वाट बघताना ती वाचण्याशिवाय दुसरं काही नसायचं. दर भेटीच्या कागदावर डॉक्टर वजन-उंचीच्या खाली एक आकडा लिहीत. १. तो आकडा कसला, हे मी नंतर शोधलं. पेशंट किती हिंडता-फिरता आहे हे मोजायची ती मोजपट्टी आहे, १९८२ साली छापून आलेली, आजही जगभर वापरात असलेली. ० म्हणजे आजारापूर्वीसारखा ठणठणीत, ५ म्हणजे मृत्यू. १ म्हणजे फार अंगमेहनत जमत नाही, पण चालता-फिरता आहे आणि हलकं किंवा बैठं काम करू शकतो. उदाहरणं दिली आहेत दोन: हलकं घरकाम आणि ऑफिसातलं काम. ताईला १ मिळाला याचा आम्हाला आनंद होता. तिचं काम बैठंच होतं, तेव्हा १ म्हणजे नोकरी शाबूत. रंगकाम करणाऱ्या दादांच्या फाइलमध्येही बहुतेक १ च असणार. बाहेरच्या पायऱ्या ते माझ्यापेक्षा भरभर चढायचे. पण शिडीवर उभं राहून डोक्यावरचं छत रंगवणाऱ्याला १ म्हणजे काम गेलं. एकच आकडा, एकाच शाईत. डॉक्टरांचा यात दोष नाही, मोजपट्टी पेशंटला औषध किती सोसेल एवढंच त्यांना सांगायला बनवली आहे. पण ‘हलकं घरकाम’ हे शब्द ज्यांनी लिहिले त्यांनी परक्या घरची फरशी गुडघ्यावर बसून पुसलेली नसावी, एवढं म्हणायला हरकत नाही.

साइड इफेक्ट मोजायची पट्टी वेगळी असते, तीही अशीच. हातापायाच्या मुंग्या, बधिरपणा किती वाढला हे ठरवताना रोजच्या व्यवहारांना कितपत अडथळा येतो ते बघतात. स्वयंपाक, खरेदी, फोन वापरणं, पैशांचे व्यवहार, ही उदाहरणं तिथे नावानिशी आहेत. रोजी कमवायचं काम त्या यादीत नावाने येत नाही, ‘इत्यादी’मध्ये धरायचं. हे कळलं तेव्हा मला शिलाई करणारी एक मुलगी आठवली. मुलगी म्हणते आहे, पण दोन मुलांची आई. पॅक्लिटॅक्सेल चालू होतं, दर आठवड्याला. या औषधाने बोटांची टोकं बधिर होतात, कधीकधी उपचार संपल्यावर कित्येक महिने. ती नगावर पैसे घेऊन कॉलर बसवायची. कपडा मशीनखाली सरकवताना थर एक आहे की दोन, हे बोटाला कळावं लागतं, डोळ्याला नाही. तिला ते कळेनासं झालं होतं. डॉक्टरांनी विचारलं, बटणं लावता येतात का? ती हो म्हणाली. येत होतीच. स्वतःच्या कुडत्याची चार बटणं वेळ लावून लावता येतात. पण त्याच वेळात तिच्या शेजारणीचे नग किती पुढे गेले असते, हा प्रश्न कुणी विचारला नाही आणि तिनेही सांगितलं नाही. का सांगितलं नाहीस, असं बाहेर आल्यावर मी विचारलं, तर म्हणाली, “औषध कमी करतील. आणि कमी केलेलं औषध पुरं पडलं नाही तर?”

म्हणजे बोटं का जीव, असा सौदा. आणि तो तिने एकटीने, तपासणीच्या खोलीत, एका ‘हो’मध्ये उरकून टाकला.

कामाचा निर्णय म्हटलं की आपल्याला एक मोठा क्षण डोळ्यांपुढे येतो. राजीनामा द्यायचा की रजा घ्यायची, घरच्यांबरोबर बसून ठरवलेलं. खरं म्हणजे तो असा एका दिवशी होतच नाही. तो बारीकसारीक तडजोडींत विरघळलेला असतो: कुठल्या वारी डोस, कुठला हात, टोपी घालायची की ओढणी, बधिरपणा सांगायचा की गिळायचा. काही निर्णय तर शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचतात. स्तन वाचवून फक्त गाठ काढली तर पुढे बहुतेक वेळा रेडिएशन आलंच. दहा-पंधरा मिनिटांचं काम, पण आठवड्यातले पाच दिवस, आणि पूर्वी ते पाच-सहा आठवडे चालायचं. ऑफिसात बसणाऱ्या बाईला मध्येच दोन तास जाऊन येता येतं. रोजंदारीवाल्या बाईचा दोन तासांत अख्खा दिवस बुडतो. तेव्हा पूर्ण स्तनच काढून टाका, म्हणजे लवकर मोकळी होईन, असं म्हणणाऱ्या बायका असतात. त्यांना शरीराची फिकीर नसते असं समजणाऱ्यांनी त्यांच्या हजेरीचं पुस्तक बघावं. २०२० साली एका मोठ्या ब्रिटिश चाचणीचे निकाल आले. स्तनाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरला तीन आठवड्यांतल्या १५ वेळांऐवजी एका आठवड्यात ५ वेळा रेडिएशन दिलं तरी गाठ परतण्याचं प्रमाण वाढत नाही, असं त्यात दिसलं. वैद्यकातली ती बातमी होती. माझ्या लेखी ती मजुरांच्या बाजूने लागलेल्या निकालासारखी बातमी आहे, आणि ती तशी कुणी छापली नाही याचं मला नवल वाटतं.

केमोचं वेळापत्रक तर कष्टकऱ्याला चकवायलाच आखलंय की काय असं वाटावं. बऱ्याच औषधांचं चक्र २१ दिवसांचं. पहिले तीन-चार दिवस वाईट. तोंडाला धातूची चव, पाय ओढत चालणं, डोळे मिटले तरी गरगरणं. पाचव्या-सहाव्या दिवशी माणूस उठून बसतो. भूक लागते. आणि मनात येतं, चला, आता जाऊ कामावर. पण पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांमध्ये तळाला जातात. म्हणजे बरं वाटत नाही तेव्हा घरी, आणि शरीरात लढायला कुणी नाही त्या नेमक्या दिवसांत धुळीत, गर्दीत, दहा जणांच्या एका नळावर. ताईच्या उशाशी थर्मामीटर होता. १००.४ च्या वर गेला की रात्र असो की पहाट, हॉस्पिटल गाठायचं, अशी आम्हाला सक्त ताकीद होती. कामावरचा माणूस अंग गरम लागलं की एक पॅरासिटामॉल घेतो आणि पाळी संपवतो. ताप दडला की त्याला वाटतं, उतरला.

आणि उचल. यावर फार कमी बोललं जातं. तपासण्यांचा पहिला खर्च बहुतेकदा ठेकेदाराकडून उचल घेऊनच भागवलेला असतो. तो माणूस वाईट नसतो, कधीकधी तर तोच एकटा असतो जो न विचारता नोटा काढून देतो. पण त्या क्षणी कामावर परतायची तारीख ठरून जाते. पुढे डॉक्टर कितीही आठवडे विश्रांती लिहोत, तारीख ठेकेदाराच्या वहीत आधीच पडलेली असते.

अशा वेळी ‘कॅन्सरशी झुंजत कामावर हजर’ छापाच्या गोष्टी मला वाचायला नको वाटतात. त्या खोट्या असतात म्हणून नव्हे. ताईनेही चौथ्या डोसानंतर घरून काम सुरू केलं आणि तिला त्याने खरंच बरं वाटलं. कुणीतरी तिला गाठीविषयी सोडून दुसरं काही विचारत होतं. रंगवाले दादाही म्हणाले होते, घरी पडलं की डोकं खातं, भिंतीसमोर उभं राहिलं की विसरायला होतं. काम हे औषध असू शकतं, गरिबालाही. फरक एवढाच की ताईला ते औषध नको त्या दिवशी बाजूला ठेवता येत होतं. ती कामावर आली याचं कौतुक झालं, न येती तरी कौतुकच झालं असतं. दादांच्या बाबतीत यायचं कौतुक नाही आणि न यायची सोय नाही.

ताई पूर्णवेळ ऑफिसात रुजू झाली त्या दिवशी टेबलावर फुलं होती, कार्ड होतं. हे सगळं होऊन ती लिफ्टने खाली येत होती तेव्हा मधल्या मजल्यावर सफाईची ट्रॉली घेऊन एक बाई आत शिरल्या. ताईने त्यांना लगेच ओळखलं. डे-केअरमध्ये समोरच्या रांगेत बसणाऱ्या मावशी. त्याच सर्जनच्या पेशंट, ताईच्या आगेमागेच शस्त्रक्रिया झालेली. ताईच्या तोंडून हाक निघणार तोच मावशींनी डोळे मोठे करून मान हलवली. लिफ्टमध्ये आणखी माणसं होती. मावशींनी डोक्याला ओढणी घट्ट बांधली होती आणि ट्रॉली डाव्या हाताने ढकलत होत्या. एकाच इमारतीत, वरच्या मजल्यावर एकीच्या कॅन्सरला फुलं आणि खालच्या मजल्यावर दुसरीचा कॅन्सर ओढणीखाली. नंतर जिन्यात गाठून त्यांनी ताईला सांगितलं, इथे कावीळ म्हणून सांगितलंय. कावीळ बरी होते असं लोकांना माहीत असतं. दुसरं नाव घेतलं तर पुढच्या महिन्याच्या यादीत आपण नसतो.

तेवढे महिने त्यांची जागा भाचीने धरून ठेवली होती. बदली म्हणून. हाही एक निर्णयच, आणि त्याची दुसरी बाजू मावशी परतल्यावर उघड झाली. भाची तरुण, भराभर काम करणारी, आणि तिला आता त्या पगाराची सवय झालेली. जागा कुणाची? मावशींची, कारण मूळ त्यांची. भाचीची, कारण इतके महिने राबली ती. घरातल्या घरात हा वाद झाला, रडारड झाली. शेवटी सुपरवायझरने दोघींना ठेवलं, पण मावशींना नव्याने लागल्यासारखं. मागची वर्षं गेली. आजाराने पैसा जातो हे आपल्याला ठाऊक असतं. नोकरीतली जुनी वर्षंही जातात, आणि ती कुठल्या बिलात दिसत नाहीत.

मावशींच्या हाताला सूज होती. काखेतल्या गाठी काढल्या की ती काहींना येते. जड उचलू नका, असं त्यांना सांगितलेलं. २००९ साली एका चाचणीत दिसलं की हलक्या वजनापासून सुरू करून, देखरेखीखाली, हळूहळू भार वाढवला तर सूज वाढत नाही; उलट हात बळकट होतो. बरं आहे हे. पण भरलेली बादली हळूहळू वाढत नाही. ती पहिल्याच दिवशी पूर्ण भरलेली असते. आणि डॉक्टरांनी कागदावर ‘हलकं काम द्यावं’ असं लिहून दिलं तर मुकादम तो कागद वाचून म्हणतो, हलकं काम माझ्याकडे नाही, बऱ्या झालात की या. त्यामुळे हा कागद मागायचाच नाही, असं डे-केअरमधल्या अनुभवी बायका नव्या बायकांना सांगतात. फिट लिहून घ्या, बाकी आपण बघू.

हे सगळीकडे असंच असायला हवं असं मात्र नाही. जर्मनीत आजारी माणूस आधी दोन तास, मग चार, मग सहा असा टप्प्याटप्प्याने कामावर परतू शकतो, आणि त्या काळात आजारपणाचा भत्ता चालू राहतो. इटलीने २००३ मध्ये कॅन्सरच्या पेशंटला पूर्णवेळ काम अर्धवेळ करून मागायचा आणि पुन्हा पूर्णवेळ व्हायचा हक्क दिला. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्याने निदान झालं त्या दिवसापासून संरक्षण मिळतं. अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने १२ आठवडे नोकरी राखून ठेवता येते, पण ती रजा बिनपगारी, आणि किमान ५० माणसं असलेल्या मालकाकडे. वर अनेकांचा आरोग्य विमाच नोकरीला बांधलेला, म्हणून केमो घेता यावी यासाठी केमो घेतानाच काम करायचं. भारतात कर्मचारी राज्य विम्यात नाव असेल आणि अटी पुऱ्या होत असतील तर कॅन्सरसारख्या दीर्घ आजारात सरासरी मजुरीच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. चांगली तरतूद आहे. फक्त रंगवाले दादा, नगावर शिवणारी मुलगी, घरकाम करणाऱ्या बायका यांचं नाव त्या वहीत क्वचितच असतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९५२ सालीच आजारपणात किमान २६ आठवडे भत्ता, असा किमान दंडक घातला होता. सत्तर वर्षं होऊन गेली.

२००९ मध्ये ३६ अभ्यास एकत्र करून काढलेला एक आकडा नेहमी सांगितला जातो: कॅन्सरमधून उठलेल्यांपैकी ३३.८ टक्के बेरोजगार, तर निरोगी लोकांत १५.२ टक्के. बहुतेक अभ्यास अमेरिका-युरोपातले. मला प्रश्न पडतो तो उरलेल्यांचा, जे ‘रोजगारात’ मोजले गेले. आमच्या मावशी कुठल्याही पाहणीत कामावर परतलेल्या म्हणूनच धरल्या जातील. सुजलेला हात, पुसली गेलेली वर्षं, कावीळ म्हणून सांगितलेली गाठ, यांतलं काहीच त्या रकान्यात मावत नाही.

पुढे सूज वाढली तेव्हा मावशींना बादली झेपेना. सुपरवायझरने, कोण जाणे काय मनात येऊन, त्यांना काढलं नाही. हजेरी घ्यायला बसवलं. पगार तोच, पण हातात वही. ताईला वाटलं, चला, या बाईचं भलं झालं. मग एकदा तिच्यासमोरच असं घडलं की सफाईची एक नवी मुलगी तापाने आली नव्हती, आणि मावशींनी शांतपणे तिच्या नावापुढे खाडा मांडला. ताईला ते लागलं. तिने विचारलंच, “मावशी, तुम्ही तरी?” मावशी म्हणाल्या, “मी नाही मांडला तर वही दुसरीकडे जाईल. मग मी बादलीवर.” ताईला उत्तर सुचलं नाही, मला अजून सुचत नाही. दुसऱ्या दिवशी ती मुलगी ताप असतानाच कामावर आली. मावशींनी तिला सगळ्यात वरचा मजला नेमून दिला. तिथली बैठकीची खोली दुपारपर्यंत रिकामी असते आणि तिचं दार आतून लावता येतं.